कशावरून मॅडम

जाधव मॅडमना कुणी 'चहा गरम आहे' असं सांगितलं तरी त्या आधी कपाला बोट लावून बघत. मग म्हणत, "हो, आहे." चहा आणून देणाऱ्या मावशी हसायच्या, आम्ही हसायचो. मॅडम हसायच्या नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळायचं नाही. मावशींनी एक गोष्ट सांगितली होती, ती तपासली, खरी निघाली, विषय संपला.

अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये आमची पत्र्याचे डबे आणि पिंपं बनवणारी कंपनी. मी डिस्पॅचमध्ये होते. गेटमधून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचं वजन माझ्या कॉम्प्युटरवर यायचं आणि त्यावरून मी कागद तयार करायचे. मॅडम कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. प्रमुख म्हणायचं एवढंच, कारण विभागात त्या एकट्याच. एक टेबल, एक गार खोली आणि त्या खोलीची किल्ली, जी त्या कमरेला लावून फिरायच्या. कुणीही काहीही सांगायला गेलं की त्या मान वर न करता विचारायच्या, "कशावरून?" प्रिंटर बिघडलाय. कशावरून? इंटरनेट बंद आहे. कशावरून? अकाउंट्समधल्या एकाने वैतागून त्यांचं नाव 'कशावरून मॅडम' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी चौकशी केली ती एवढीच, की हे नाव नक्की ठेवलं कोणी, आणि सांगणाऱ्याने ते स्वतः ऐकलं होतं का.

हा स्वभाव घरातून आला होता. अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. "जय भीम, या," म्हणाले आणि मी बसायच्या आत लेकीबद्दल बोलायला लागले. तेही कारखान्यात मालाच्या तपासणीवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. "ही शाळेतून आली आणि मला म्हणाली, बाई म्हणतात पृथ्वी गोल आहे, कशावरून? मी म्हटलं, मलाही ठाऊक नाही गं. मला कुणी सांगितलं आणि मी मानलं. चल, आपण विचारू. मग गेलो दोघं तिच्या बाईंकडे. बाई चिडल्या." म्हातारे खूश होऊन सांगत होते. "विहारात दर रविवारी कानावर पडायचंच, कुणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः बघा. बाकीची पोरं ऐकून घरी जायची. हिने ते फारच मनावर घेतलं."

केबल, स्विच असला बारीकसारीक माल मॅडम उल्हासनगरहून आणायच्या. दुकानदार सिंधी, वयस्कर, गोड बोलणारा. एकदा मीही सोबत गेले होते. त्याने वायरचं बंडल पुढे ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदम ओरिजिनल. गॅरंटी माझी."

"गॅरंटी तुमची, पण वायर कोणाची?" मॅडम म्हणाल्या आणि पर्समधून तपासायचं यंत्र काढून तिथेच काउंटरवर वायर तपासायला बसल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. मला वाटलं, हा माणूस आता आम्हाला हाकलणार. पण वायर पास झाल्यावर तो मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "यही ले जाओ, मॅडमने चेक किया हुआ माल है." पुढे पुढे त्याने मॅडमसाठी काउंटरमागे एक स्टूलच ठेवलं. नवीन माल आला की फोन करून बोलावायचा.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाचीही एक आठवण आहे. स्थळ बदलापूरचंच, आमच्या घरापासून जवळ. मी मॅडमना कौतुकाने सांगितलं, मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे. पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत होतं, म्हणून मीच म्हटलं, "आई-बाबांनी चौकशी केलीय मॅडम."  पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "नीता, त्याच्या ऑफिसात माझ्या ओळखीची एक जण निघाली. सांगतो ते खरं आहे. पगारही खरा सांगितलाय. रागीट आहे थोडा, पण बोलून मोकळा होतो म्हणे. कर." माझे यजमान अजूनही पाहुण्यांना सांगतात, की मी जाधव मॅडमनी पास केलेला माल आहे.

या सगळ्यामुळे कुणाला वाटेल, की बाई संशयी होत्या आणि लोक त्यांना टाळत असतील. संशयी होत्या, यात वादच नाही. पण त्यांचा संशय समोरच्याच्या तोंडावर असायचा. तुमच्यावर संशय असेल तर त्या तुमच्याकडे यायच्या आणि म्हणायच्या, "माझा तुमच्यावर संशय आहे, म्हणून विचारते." माणूस गोरामोरा व्हायचा, कधी चिडायचा. पण मागे काय चाललंय याची भीती राहायची नाही. संशयाची दुसरी एक जात असते. ती जेवणाच्या टेबलावर डबे उघडताना आवाज खाली आणते, तुम्ही आत आलात की विषय बदलते. ती जात आमच्या कंपनीत एका वर्षी फार माजली होती. त्याच वर्षाची ही हकिगत.

गेटजवळ ट्रकचं वजन करायचा मोठा काटा होता. तिथे एका खोपट्यासारख्या केबिनमध्ये म्हात्रे मामा बसायचे. बदलापूरच्या पलीकडच्या गावातले, जुने, सगळ्यांचे मामा. ट्रक काट्यावर उभा राहिला, की मामा बटण दाबायचे आणि वजन त्यांच्या कॉम्प्युटरवरून आतल्या वायरने थेट माझ्या कॉम्प्युटरवर यायचं. मधे कुणाचा हात लागायला जागा नाही, म्हणून तर ही सोय केलेली. मामांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि मॅडमनी त्या जागी नवा बसवला. सुरुवातीला ठीक चाललं. मग अधूनमधून माझ्या पडद्यावर वजनाऐवजी एक ओळ यायला लागली: कनेक्शन टाइम आउट. म्हणजे माझा कॉम्प्युटर मामांच्या कॉम्प्युटरला हाक मारून वाट बघतोय आणि थकून शेवटी नाद सोडतोय. असं झालं की मामा वजन चिठ्ठीवर लिहून पाठवायचे आणि मी ते हाताने भरायचे.

हे कुठल्याही ट्रकला झालं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण ते नेमकं भंगाराच्या ट्रकला व्हायचं. डबे कापून उरलेल्या पत्र्याची कात्रणं उचलायला भंगारवाल्याचे ट्रक यायचे. त्यांचा ठरलेला वार नव्हता. तयार मालाचे ट्रक सुरळीत, कच्च्या मालाचे सुरळीत, आणि भंगाराचा ट्रक काट्यावर चढला की कनेक्शन गेलंच. मग चिठ्ठी, मग हाताने भरलेलं वजन. मॅनेजर साहेबांच्या हे लक्षात आलं: भंगार वजनावर विकायचं, म्हणजे चिठ्ठीवर वजन कमी लिहिलं तर तेवढा माल फुकट बाहेर. साहेब वाईट नव्हते. पण आधीच्या कंपनीत त्यांच्या नाकाखालून चोरी झालेली होती आणि तेव्हापासून त्यांना सगळीकडे तेच दिसायचं. वरच्या मजल्यावरच्या आपल्या ऑफिसातून ते अगदी उघडपणे माझ्या टेबलाकडे बघायला लागले. कारण चोरी असेल तर वायरच्या दोन्ही टोकांची माणसं सामील असायला हवीत. एका टोकाला मामा. दुसऱ्या टोकाला मी.

त्या दिवसांत मी डबा एकटी खायचे. कुणी मला काही म्हटलं नव्हतं. फक्त माझ्या टेबलाशी थांबून गप्पा मारणाऱ्या मैत्रिणींना अचानक खूप काम असायला लागलं. माझ्या डोक्यावर एक नवा कॅमेरा बसवला गेला. घरी सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाले असते. मग लोकांनी काय समजायचं ते समजलंच असतं. मला स्वतःलाही रात्री झोपताना वाटायचं, मामा तर काही करत नसतील ना? आणि मामांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार, कारण आताशा ते माझी नजर चुकवायचे.

फक्त मॅडम सरळ आल्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "नीता, तुझ्यावर माझा संशय आहे."

मला रडूच आलं. "मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"मी सगळ्यांवरच घेणार आहे. तू वेगळी नाहीस. कनेक्शन जातं तेव्हा तू इथे काय करतेस, ते करून दाखव."

मी डोळे पुसून करून दाखवलं. त्यांनी सगळं पाहिलं, मलाच पुन्हा करायला लावलं, आणि उठताना म्हणाल्या, "इथून काही होत नाहीये. तुझा विषय संपला." इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्याशी पूर्ण वाक्य बोललं होतं. त्या दुपारी मी पोटभर जेवले.

त्यांनी मग वायरवर संशय घेतला. काट्यापासून आतपर्यंत जाणारी सगळी वायर बदलली. मधली जोडणीची पेटी बदलली. उंदीर, ओल, जवळून जाणारी क्रेनची वीज, सगळ्यांची झडती घेतली. दोन-चार दिवस सगळं ठीक चाललं आणि मॅडमनी साहेबांना जाऊन सांगितलं, की वायरचा दोष होता, काढला. त्यानंतर भंगाराचा ट्रक आला. मामांनी बटण दाबलं. माझ्या पडद्यावर तीच ओळ.

ही गोष्ट मामांच्या मुळावर आली. तोवर निदान वायरवर तरी बोट दाखवता येत होतं. आता वायर नवी, पेटी नवी, उरला माणूस. त्यात साहेबांनी स्वतः एक पुरावा शोधला होता. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला 'आहेस का?' असं विचारता येतं, आणि तो जागा असेल तर 'आहे' असं उत्तर येतं. साहेबांनी माझ्या कॉम्प्युटरवरून ते करायला लावलं. कनेक्शन गेलेलं असतानाही 'आहेस का' म्हटलं की लगेच 'आहे' येत होतं. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लाइन चालू आहे, कॉम्प्युटर उत्तर देतोय, फक्त वजन येत नाही. म्हणजे काट्यावरच कुणीतरी ते अडवतंय." दुसऱ्या दिवशी मामांना काट्यावरून उठवून मागच्या यार्डात पिंपं मोजायला बसवलं. कागदावर 'तात्पुरती बदली' असं लिहिलं होतं. चौकशी होईल, असं तोंडी सांगितलं.

काट्यावर दुसरा माणूस आला, आणि भंगाराचा पुढचा ट्रक आला तेव्हा कनेक्शन पुन्हा गेलं. यावरून मामा सुटतील असं मला वाटलं. साहेब म्हणाले, "मामांनीच कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करून ठेवलंय." संशय एकदा बसला की त्याला सगळंच पुरावा म्हणून चालतं, हे मी तेव्हा बघितलं.

मॅडम यार्डात गेल्या. मी मुद्दाम एक कागद द्यायच्या निमित्ताने मागे गेले. मामा एका उलट्या पिंपावर बसले होते. त्यांनी मॅडमकडे बघितलं नाही.

"मामा, माझा तुमच्यावर संशय आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून विचारायला आले."

मामांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "बरा झाला विचारलात. बाकीच्यांनी विचारला पन नाय." आता त्यांनी मॅडमकडे बघितलं. "मी आपला बटण दाबतो मॅडम. बाकी मना काय ठाव नाय."

"दाबल्यावर पडद्यावर काय दिसतं? काहीही. तुम्हाला फालतू वाटेल तेसुद्धा."

"काय नाय दिसत. त्यो कोपऱ्यात कवातरी बारीक चौकोन येतो इंग्रजीत. मी बंद करतो. कॉम्प्युटर बसवला तवा तुमीच बोल्लात, नको ते काय उघडायचा नाय."

मॅडमचा चेहरा बदलला. "चौकोन कधी येतो? ट्रक आल्यावर?"

"भंगाराचा ट्रक आला की."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलात कवा?" मामा म्हणाले. त्यात राग नव्हता.

परत येताना मॅडम भरभर चालत होत्या. गार खोलीपाशी आल्यावर म्हणाल्या, "नीता, तुझ्या कॉम्प्युटरला 'आहे' असं उत्तर येतं ना? आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि मानलं. आतून आवाज आला म्हणजे घरात तोच माणूस आहे, हे कशावरून?"

भंगाराचा ट्रक पुन्हा आला तो जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. मॅडम गेटवर गेल्या आणि तिथून मला फोन लावला. "कनेक्शन गेलं?"

"गेलं मॅडम."

"विचार त्याला, आहेस का."

मी विचारलं. "आहे म्हणतोय."

"थांब." खुडबुड ऐकू आली. "आता विचार."

"आहे म्हणतोय."

 मग मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नीता, मामांच्या कॉम्प्युटरची वायर मी काढलीये. माझ्या हातात आहे ती."

माझ्या समोर उत्तरं एकामागून एक येतच होती. आहे. आहे. आहे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मामांचा कॉम्प्युटर तर मुका होऊन पडला होता. मग त्याच्या नावाने हा कोण बोलत होता?

मॅडम धावतच आत आल्या. प्रत्येक यंत्राला एक पत्ता दिलेला असतो, तो आपण देतो आणि बदलूही शकतो. त्याशिवाय कारखान्यातून निघतानाच प्रत्येकावर एक कायमचा क्रमांक कोरलेला असतो. मॅडमनी माझ्या कॉम्प्युटरवर उत्तर देणाऱ्याचा तो क्रमांक काढला. तो मामांच्या कॉम्प्युटरचा नव्हता; त्याचे सुरुवातीचे आकडे एका प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचे होते. "प्रिंटर आहे," त्या म्हणाल्या. "कुठलातरी जुना प्रिंटर. मामांचा पत्ता लावून बसलाय. त्यांच्या कोपऱ्यातला तो इंग्रजी चौकोन हेच सांगत होता, की हा पत्ता आणखी कुणीतरी वापरतंय."

कंपनीत प्रिंटर थोडेच होते. माझ्या टेबलाशी एका मैत्रिणीला बसवून आम्ही एकेक बंद करत गेलो, उत्तरं थांबेनात. मॅडम मधेच थांबल्या. "भंगाराचा ट्रक आला, की या कंपनीत आणखी काय होतं?"

मला सुचेना. मग एकदम आठवलं. "साहेब खाली येतात."

आधीच्या कंपनीतल्या चोरीमुळे साहेबांचा भंगारावर भरवसा नव्हता, म्हणून त्याचा ट्रक लागला की ते पहिल्यापासूनच अधूनमधून वरच्या ऑफिसातून खाली यायचे; कनेक्शन जायला लागल्यावर तर दर ट्रकला. गेटजवळ पूर्वी पाहुण्यांसाठी असलेली एक बंद केबिन होती. तिच्या काचेतून काटा स्वच्छ दिसतो. साहेब तिथे जाऊन, मेन स्विच चालू करून, एसी लावून लक्ष ठेवून बसायचे. ट्रक गेला की वीज वाया नको म्हणून स्विच बंद करून वर जायचे.

मॅडमनी दारावर टकटक केली. साहेब काचेला नाक लावून ट्रककडे बघत होते.

"साहेब, जरा उठता का?"

"का? काय झालं?"

मॅडम त्यांच्या खुर्चीमागे गेल्या. जुन्या फायलींचा ढीग बाजूला केला. खाली धुळीने माखलेला एक प्रिंटर होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. कुणी वर्षानुवर्षं त्यावर काही छापलं नसेल. मॅडमनी त्याची वायर उपसली आणि मला फोनवर विचारायला लावलं. मी आत टेबलाशी बसलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "उत्तर थांबलं." मामांच्या कॉम्प्युटरची वायर परत लावली. काट्यावरच्या माणसाने बटण दाबलं. मैत्रीण म्हणाली, "वजन आलं."

साहेबांनी आधी प्रिंटरकडे बघितलं, मग काचेतून काट्याकडे. ते लक्ष ठेवायला येऊन बसायचे म्हणून कनेक्शन जायचं, आणि कनेक्शन जायचं म्हणून ते येऊन बसायचे. हे त्यांच्या लक्षात येताना मी पाहिलं. मग ते सावरले. "म्हणजे चूक कॉम्प्युटर विभागाची. एकच पत्ता दोघांना दिला कोणी?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

ते सगळं संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी उभं राहून सांगितलं. नवा कॉम्प्युटर बसवताना त्यांनी रिकामा पत्ता शोधला होता. तो प्रिंटर भंगारात गेला असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्याचा पत्ता रिकामा धरला. "मी बघायला गेले नाही. सांगितलं ते मानलं. चूक माझी, तसं नोंदवून घ्या." मग तिथेच उभं राहून त्या म्हणाल्या, "आता म्हात्रे मामांचं काय ते सांगा."

"ते उद्यापासून काट्यावर बसतील," साहेब म्हणाले.

"ते बसतीलच. पण त्यांना चोर म्हटलं गेलं, त्याचं?"

"त्यांना कुणी चोर म्हटलेलं नाही."

"कागदावर नाही म्हटलं," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढची मीटिंग कुणी कुणाकडे न बघताच पार पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब काट्यापाशी गेले. खिडकीत वाकून त्यांनी विचारलं, "चहा झाला का मामा?" मामा उठून उभे राहिले. "झाला साहेब." साहेब थोडा वेळ तिथेच घुटमळले आणि परत आले. माफी मागायला गेले होते, हे सगळ्यांना कळलं, मामांनाही. पण मामा पहिल्यासारखे झाले नाहीत. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक ट्रकला ते ड्रायव्हरला खाली उतरवून आकडा वाचायला लावायचे, रखवालदारालाही हाक मारायचे. "तुमीच वाचा. नंतर मना नाय सांगायचा." आकडा थेट माझ्याकडे यायचा, त्याची काही गरज नव्हती. मॅडमना ते बघवायचं नाही. एकदा म्हणाल्या, "पत्ता मी दुसरा दिला गं. पण हे नाही मला दुरुस्त करता येत."

त्या प्रकरणानंतर मॅडमचा स्वभाव बदलला का? नाही. उलट वाढला. फक्त 'कशावरून' हा प्रश्न त्या स्वतःलाही मोठ्याने विचारायला लागल्या. काम संपवून उठताना खोलीत एकट्या असल्या तरी ऐकू यायचं, "झालं. कशावरून झालं?" आणि परत खाली बसायच्या. माझंही त्यांच्यामुळे एक झालंय. कुणाबद्दल कानावर काही आलं, की ज्याच्याबद्दल आलं त्यालाच मी जाऊन विचारते. दोन मैत्रिणी त्यात दुरावल्या. पण ज्या राहिल्या त्या टिकल्या.

मग कंपनीने कॉम्प्युटरचं सगळं काम बाहेरच्या एका संस्थेला द्यायचं ठरवलं. मॅडमना स्टोअर्समध्ये बसा म्हणाले. त्या म्हणाल्या, "तिथे मला काय येतं?" आणि राजीनामा दिला. निवृत्तीला अजून वर्षं उरली होती, पण थांबल्या नाहीत. नव्या संस्थेचा माणूस ताबा घ्यायला आला. सगळं समजावून झाल्यावर मॅडम त्याला म्हणाल्या, "आता माझं नाव काढून टाक." त्याने दोन-तीन बटणं दाबली. "काढलं मॅडम."

त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकून बघितला. आत घेतलं नाही. मग माझ्या टेबलापाशी आल्या. "उठ जरा." माझ्या कॉम्प्युटरवरूनही टाकून बघितला. पडद्यावर आलं, की या नावाचं कुणी इथे नाही. आयुष्यातली इतकी वर्षं ज्या यंत्रांमध्ये त्यांनी घालवली होती, ती एकामागून एक त्यांना ओळखत नाही म्हणत होती. मॅडमनी ती ओळ नीट वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरोबर केलंय पोराने," म्हणाल्या.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. रखवालदार नवा होता, त्याच आठवड्यात लागलेला. बाहेर जाणाऱ्या माणसाची बॅग बघायची असा नियम, म्हणून त्याने मॅडमना थांबवलं. मला संताप आला. "अहो, या मॅडम आहेत. शेवटचा दिवस आहे त्यांचा. जाऊ द्या."

तो बिचारा ओशाळला आणि हात मागे घ्यायला लागला. मॅडमनी मला मागे सारलं, बॅग त्याच्या टेबलावर ठेवली आणि चेन उघडून दिली. डबा, छत्री, बुद्धाची टेबलावरची छोटी मूर्ती, ते वायर तपासायचं यंत्र. त्याने वरवर हात फिरवला आणि 'जा' म्हणाला.

"असं नाही," मॅडम त्याला म्हणाल्या. "खालचा कप्पा राहिला की. तो बघ."